किल्ट : आधुनिक वापर, समावेशकता आणि शिष्टाचार

किल्ट हे स्कॉटलंडच्या हायलँड या उत्तरेकडच्या डोंगराळ प्रदेशातले, कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे लोकरी वस्त्र आहे. ते कमरेभोवती गुंडाळून चामडी पट्ट्यांनी बांधतात. पुढे दोन सपाट पल्ले एकावर एक येतात आणि निऱ्या मागे असतात. पुरुषाच्या पूर्ण किल्टला पारंपरिक हिशेबाने आठ वार कापड लागते, म्हणजे आपल्या नऊवारीला एकच वार कमी. लुगड्याच्या निऱ्या मात्र रोज नेसताना घडतात, किल्टच्या निऱ्या एकदाच शिवून पक्क्या करतात. 'किल्ट' हा शब्दही मुळात क्रियापद आहे : कपडा वर ओढून कमरेला खोचणे. स्कॅन्डिनेव्हियन भाषांतून तो स्कॉट्स बोलीत आला.

आज लग्न, पदवीदान, बॅगपाइप वाजवणारे पाइप बँड, हायलँड क्रीडामेळे आणि फुटबॉलचे सामने या ठिकाणी किल्ट दिसतो. रोजच्या वापरात किल्ट घालणारे हौशी लोक स्कॉटलंडबाहेरही आहेत, विशेषतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीत. किल्ट कोणी घालावा, कसा घालावा आणि चुकणाऱ्याला काय सांगावे, या प्रश्नांभोवती या हौशी मंडळींत एक अलिखित रीत तयार झाली आहे. ही नोंद मुख्यतः त्या रीतीविषयी आहे.

पार्श्वभूमी

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडमधले पुरुष कित्येक वार लांबीचे लोकरी कापड चुण्या पाडून कमरपट्ट्याने बांधत आणि उरलेला भाग खांद्यावरून घेत. थंडीपावसात डोक्यावर घ्यायला आणि रात्री पांघरायला तेच कापड. याला मोठा किल्ट म्हणतात. खालचा अर्धा भाग वेगळा करून आजचा छोटा किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला. तो इन्व्हरगॅरी येथे लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या थॉमस रॉलिन्सन या इंग्रज क्वेकराने (क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ) कामगारांच्या सोयीसाठी काढला, अशी एक कथा अठराव्या शतकातल्या एका पत्रात आहे. स्कॉटिश अभिमानाला ती झोंबते आणि काही अभ्यासक ती अमान्य करतात.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडखोरांचा, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पराभव झाला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने हायलँड पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सैन्यातल्या हायलँड पलटणींना सूट होती, त्यामुळे ज्या सरकारने घरी किल्ट घालणाऱ्याला तुरुंग दाखवला त्याच सरकारने गणवेश म्हणून किल्ट जपला. बंदी १७८२ मध्ये उठली. तोवर रोजच्या पेहरावातून किल्ट बराचसा गेला होता.

तो परतला तो समारंभी पोशाख म्हणून. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या भेटीचा सगळा थाट रचला होता आणि राजाने स्वतः किल्ट घातला, खाली फिकट गुलाबी रंगाची तंग विजार चढवून. एडिनबर्ग हे लोलँडमधले, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातले शहर. तिथल्या प्रतिष्ठितांचे पूर्वज हायलँडरांना रानटी समजत आले होते. आता तेच टार्टन (किल्टचे रंगीत चौकड्यांचे कापड) मिरवू लागले, आणि त्याच काळात उत्तरेकडे जमीनदार मेंढ्यांसाठी हायलँडच्या कुळांना जमिनीवरून हुसकावत होते. आजचे किल्टविषयीचे बहुतेक 'प्राचीन' नियम या काळातले किंवा त्यानंतरचे आहेत. चौकड्यांच्या कोणत्या नमुन्याला कोणत्या घराण्याचे नाव, हेही बरेचसे तेव्हाच ठरले. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ मध्ये घराण्यांच्या प्रमुखांकडे आपापल्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा आपले टार्टन कोणते हे काही प्रमुखांनाच माहीत नव्हते.

कोणी घालावा

'मी स्कॉटिश नाही, मला चालेल का?' हा नवख्यांचा सर्वांत पहिला प्रश्न असतो. कायद्याचे उत्तर सरळ आहे : कोणालाही चालतो. स्कॉटलंडमध्ये घराणेचिन्हांवर लॉर्ड लायन या राजाने नेमलेल्या अधिकाऱ्याची सत्ता आहे, पण किल्ट त्याच्या कक्षेत येत नाही. इतिहासाचे उत्तर याहून बोलके आहे. एडिनबर्ग-ग्लासगोचा माणूस किल्ट घालतो तेव्हा तोही मूळ हायलँडरांची वस्तू उसनी घेतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधिकाळात आयरिश राष्ट्रवाद्यांनी एकरंगी किल्ट आपलासा केला. आयरिश पलटणींच्या पाइपवादकांचा केशरी किल्ट तेव्हापासूनचा. वेल्स आणि कॉर्नवॉलनेही पुढे आपापले टार्टन काढले. त्यामुळे 'खरा हक्कदार कोण' ही रेषा ओढायला गेले की ती कुठेतरी आपल्याच पायांवरून जाते.

स्त्रियांच्या बाबतीत ही रेषा जास्त कडक होती. बराच काळ स्त्रियांनी टार्टनचा निऱ्यांचा झगा घालावा आणि किल्ट पुरुषांनीच, असा आग्रह होता. १९५० च्या दशकात अबॉइन येथील क्रीडामेळ्याने नृत्यस्पर्धेत स्त्रियांना किल्ट घालायला मनाई केली आणि त्यासाठी वेगळा पोशाख ठरवला. तो आजही 'अबॉइन पोशाख' या नावाने ओळखला जातो. पण हायलँड नृत्यस्पर्धांत आज मुली आणि स्त्रियाच बहुसंख्य आहेत आणि त्यांचे मुख्य वस्त्र किल्टच आहे. पाइप बँडमध्येही स्त्री-पुरुषांचा गणवेश सहसा एकच असतो.

हौशी मंडळींत 'हा स्कर्ट नाही!' हे वाक्य फार ऐकू येते. चिडवणाऱ्याला दिलेले उत्तर म्हणून ते समजू शकते. पण त्यात बाईचा कपडा म्हणजे कमीपणा हे गृहीत असते, आणि किल्ट घालणाऱ्या स्त्रीला किंवा स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणाऱ्या व्यक्तीला ते बोचते. धोतर, लुंगी, लुगडे अशी शिलाईविना वस्त्रे जिथे घराघरांत होती, तिथल्या माणसाला हा वाद जरा चमत्कारिकच वाटेल.

टार्टनची निवड

टार्टन म्हणजे ताण्या-बाण्यात रंगांचा एकच क्रम ठेवून विणलेली चौकडी. कोणत्याही घराण्याचे टार्टन कोणीही विकत घेऊ शकते. तरी संबंध नसलेल्या माणसाने एखाद्या घराण्याचे नाव मिरवण्यापेक्षा सर्वांसाठीचे टार्टन घ्यावे, असा संकेत आहे. ब्लॅक वॉच, हंटिंग स्ट्युअर्ट आणि कॅलेडोनिया ही त्यांतली नेहमीची नावे. जिल्ह्यांची, विद्यापीठांची आणि पलटणींचीही टार्टन आहेत. बाल्मोरल या करड्या टार्टनपासून मात्र लांबच राहतात : राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांनी १८५३ मध्ये ते आखले आणि ते राजघराण्यासाठी व राजाच्या पाइपवादकासाठी राखीव मानले जाते. टोपीवरच्या गरुडाच्या पिसांचेही तसेच. तीन पिसे घराण्याच्या प्रमुखाची, दोन उपशाखेच्या प्रमुखाची, एक स्वतःचे मानचिन्ह मंजूर झालेल्याची. शोभेसाठी म्हणून पीस खोचणे हा अजाणता केलेला उद्धटपणा ठरतो.

स्कॉटिश संसदेच्या २००८ च्या कायद्याने टार्टनची सरकारी नोंदवही सुरू झाली. नवा नमुना कोणालाही नोंदवता येतो. नावाशी आपला संबंध दाखवावा लागतो इतकेच. ज्यू समाजाचे टार्टन २००८ मध्ये आले, २०१२ मध्ये इस्लामी टार्टन आले. दुसऱ्यात निळा रंग स्कॉटलंडचा, हिरवा इस्लामचा. स्कॉटलंडमधल्या शिखांसाठी सिंग टार्टनही आहे. म्हणजे 'माझे घराणे यादीत नाही' या अडचणीवर यादी वाढवणे हाच उपाय तिथे निघाला.

शिष्टाचार

दुसऱ्याच्या पोशाखातल्या चुका काढत फिरणाऱ्याला हौशी मंडळी 'किल्ट पोलीस' म्हणतात, आणि ही काही स्तुती नव्हे. चुका ठरलेल्या असतात. किल्ट विजारीसारखा खाली, नितंबांवर बांधलेला; तो बेंबीच्या आसपास बसायला हवा आणि खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. पुढची पिन दोन्ही पल्ल्यांतून टोचलेली. ती फक्त वरच्या पल्ल्यात हवी, नाहीतर कापड ताणून फाटते. कमरेसमोरची स्पोरन ही पिशवी गुडघ्यांच्या दिशेने लोंबणारी. भाड्याच्या पोशाखासोबत येणारे पांढरे मोजे, ज्यांच्यावर जाणकारांचा विशेष राग आहे. आणि सर्वांत ठळक म्हणजे निऱ्या पुढे करून उलटा घातलेला किल्ट. पहिल्यांदा घालणाऱ्याकडून हे खरोखर होते.

सांगायचे कधी, याचा एक व्यवहारी निकष आहे. जागच्या जागी दुरुस्त होण्यासारखी चूक असेल तर बाजूला नेऊन हळूच सांगावे : उलटा किल्ट, लोंबणारी किमतीची चिठ्ठी, पिनेने जखडलेले पल्ले. मोज्यांचा रंग किंवा कापडाचा दर्जा समारंभाच्या मध्यावर बदलत नाही, म्हणून त्यावर बोलून फक्त समोरच्याचा दिवस बिघडतो. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये, आणि विचारले तर नियम आणि स्वतःची आवड वेगळी करून सांगावी. जुन्या मंडळींना हेच सर्वांत जड जाते. माझ्या मते किल्टविषयीच्या भांडणांतली निम्मी तरी आवडीला परंपरा म्हटल्यामुळे होतात.

स्वस्त किल्टचा विषय नाजूक आहे. जाड लोकरीचा, हाताने शिवलेला आठवारी किल्ट महाग पडतो आणि दीड-दोन किलो भरतो. विद्यार्थी, नुकताच नोकरीला लागलेला किंवा फक्त हौस भागवून पाहणारा कृत्रिम धाग्याचा किल्ट घेतो. त्याला हिणवून बरेच गट नवे सभासद गमावतात. सिॲटलमध्ये २००० साली निघालेला, खिसे असलेला सुती कामकाजी किल्ट, डेनिमचे आणि चामड्याचे किल्ट यांनाही 'हा किल्टच नव्हे' असे ऐकावे लागते. एडिनबर्गचे हॉवी निकोल्स्बी यांनी पिढीजात किल्टशिवणकामातूनच असे आधुनिक किल्ट काढले, हे त्यावेळी सोयीस्करपणे विसरले जाते. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचे पाठीराखे, म्हणजे 'टार्टन आर्मी', तर संघाची जर्सी, कामगारी बूट आणि किल्ट अशा वेशात २०२४ च्या युरोपीय स्पर्धेसाठी जर्मनीभर फिरले. स्पोरनच्या जागेवरून त्यांना कोणी हटकल्याचे दिसले नाही.

बाहेरच्यांनीही पाळायची एक मर्यादा आहे. 'आत काय घातले आहे?' हा प्रश्न विनोद म्हणून विचारला जातो आणि किल्ट घालणाऱ्याने तो शंभराव्यांदा हसून झेलावा, अशी अपेक्षा असते. किल्ट उचलून पाहणे हा मात्र विनोद नाही. २०१७ मध्ये इन्व्हर्नेसमधल्या एका बारमधल्या पुरुष कर्मचाऱ्यांनी ग्राहक स्त्रियांच्या अशा वागण्याला कंटाळून कामावर किल्ट घालणे सोडल्याची बातमी गाजली. स्कॉटलंडचा कपड्यांखालून चोरून चित्रण करण्याविरुद्धचा कायदा लिंगनिरपेक्ष आहे, त्यामुळे किल्टधारी पुरुषालाही त्याचे संरक्षण मिळते. घालणाऱ्याकडूनही अपेक्षा आहेत. बसताना हात मागे फिरवून निऱ्या सारख्या कराव्या, गुडघे जवळ ठेवावे, आणि भाड्याच्या किल्टखाली अंतर्वस्त्र घालावे. दुकानदारही तशी विनंती करतात.

भारताशी संबंध

महाराष्ट्राने किल्टवाल्या पलटणी पाहिल्या त्या लढाईत. किल्टधारी म्हणून उभारलेली ७८वी हायलँड पलटण ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) पेठेच्या तटावर चढली. २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर तिच्याबरोबर ७४वी हायलँड पलटणही होती. त्या दिवशी ७४व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात अशा पलटणींना लोकांनी 'घागरा पलटण' म्हटले.

आज संबंध वेगळा आहे. पाकिस्तानी वंशाचे स्कॉटिश राजकारणी हमजा युसुफ यांनी २०१६ मध्ये स्कॉटिश संसदेत शपथ घेतली ती शेरवानीखाली किल्ट घालून, आणि उर्दूत. शिकायला गेलेली भारतीय मुले पदवीदानासाठी भाड्याने किल्ट घेतात. मोज्यात खोचायची 'स्किअन डू' ही छोटी सुरीही पोशाखासोबत येते. सार्वजनिक जागी पाते बाळगायला स्कॉटलंडमध्ये मनाई आहे. १९९५ च्या फौजदारी कायद्याच्या ४९व्या कलमात त्या मनाईला काही अपवाद दिले आहेत. राष्ट्रीय पोशाखाचा भाग हा त्यांतला एक, धार्मिक कारण हा दुसरा. पहिल्यात स्किअन डू येते, दुसऱ्यात शिखांचे कृपाण. सिंग टार्टनचा किल्ट घातलेल्या अमृतधारी शिखाला दोन्ही लागू पडतात.