हेड गॅस्केटची अनुरूपता आणि कूलंटचा प्रवाह

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे सिलिंडर हेड यांच्यामध्ये जो पातळ, छिद्रे असलेला थर दाबून बसवला जातो, त्याला हेड गॅस्केट म्हणतात. ज्वलनाचा दाब, ऑइल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) यांना एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे सर्वपरिचित काम आहे. परंतु ब्लॉकमधून हेडमध्ये कोणत्या जागी किती कूलंट चढावे, हेही बऱ्याच अंशी गॅस्केटच ठरवते. मूळ इंजिनात ही दोन्ही कामे निर्मात्याने जुळवून दिलेली असतात. एका इंजिनाचे हेड दुसऱ्याच्या ब्लॉकवर चढवले, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवला किंवा पाण्याचा मार्ग फिरवला, की ती जुळणी मोडते आणि कोणते गॅस्केट चालेल हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो.

ब्लॉक आणि हेड ओतताना आतील पाण्याच्या पोकळ्यांसाठी वाळूचे गाभे वापरतात. हे गाभे धरून ठेवण्यासाठी आणि नंतर वाळू झाडून काढण्यासाठी लागणारी तोंडे साहजिकच मोठी असतात, पण तेवढे पाणी त्या जागी जावे असा त्याचा अर्थ नसतो. प्रवाहाचे माप गॅस्केटमधील लहान छिद्रे ठरवतात. त्यामुळे खालचे तोंड मोठे आणि गॅस्केटचे छिद्र बारीक किंवा अजिबात नसलेले दिसले, तर तो उत्पादनातील दोष समजून ड्रिल चालवणे ही या कामातील सर्वांत महागात पडणारी चूक म्हणता येईल. पाटाच्या मुखाजवळच्या शेतांनी दारे सताड उघडली की शेपटाकडच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. पंपाजवळची छिद्रे मोठी केली की शेवटच्या सिलिंडरची तीच गत होते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे 1989 साली बाजारात आलेली माझ्दा एमएक्स-5. तिचे बी मालिकेतील चार सिलिंडरांचे इंजिन मुळात माझ्दा 323 सारख्या, पुढची चाके ओढणाऱ्या मोटारींमधले. तेथे ते आडवे बसत असे; पंप एका टोकाला आणि थर्मोस्टॅट (तापलेल्या कूलंटला बाहेरची वाट देणारी झडप) हेडच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे कूलंट चारही सिलिंडरांवरून वाहूनच बाहेर पडे. एमएक्स-5 मध्ये इंजिन गाडीच्या लांबीत उभे बसवल्यावर हेडची मागची बाजू केबिनच्या भिंतीला भिडली आणि थर्मोस्टॅट पुढे, पंपाच्याच बाजूला आला. आता पुढून आत आलेले पाणी हेडच्या पुढच्या तोंडाने बाहेर जाऊ शकते. मागच्या टोकाला हीटरकडे जाणारा बारीक फाटा तेवढा उरतो. रोजच्या वापरात याचा त्रास जाणवत नाही. टर्बो बसवून शक्ती वाढवली किंवा गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर बराच वेळ पळवली, की चौथ्या सिलिंडरचे तापमान पहिल्याच्या पुढे जाते आणि नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटून धक्के बसण्याची, सुरुवात बहुधा मागूनच होते.

माझ्दाने 2001 पासूनच्या 1.8 लिटर इंजिनासाठी गॅस्केटची छिद्ररचना बदलून पुढच्या बाजूने चढणारे पाणी रोखले, म्हणजे ते ब्लॉकमधून मागे जाऊन मगच वर येईल. हे गॅस्केट 1994 नंतरच्या जुन्या 1.8 इंजिनांवरही बसते, आणि पाण्याचा मार्ग मूळचाच असेल तर ती स्वस्तातली सुधारणा ठरते. मात्र अनेक हौशी मालक थर्मोस्टॅटच हेडच्या मागे नेऊन पुढचे तोंड बंद करतात. अशा इंजिनात पुढून वर चढलेल्या पाण्याला हेडची पूर्ण लांबी पार करावीच लागते, म्हणून पुढची छिद्रे उघडी असलेले जुने गॅस्केटच तेथे योग्य. नवे घातले तर बरेचसे पाणी मागेच चढून मागेच निघून जाईल आणि हेडचा पुढचा भाग उपाशी राहील. एकच गॅस्केट एका जोडणीत उपाय आणि दुसरीत अपाय ठरते, ते असे. शिवाय बाहेर पडण्याच्या तोंडाशी असलेला तापमानाचा सेन्सर मिसळलेल्या पाण्याचे तापमान सांगतो, त्या एका तापलेल्या सिलिंडरचे नव्हे. काटा मध्यावर आहे एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही.

अमेरिकेत शेव्हरोलेच्या लहान व्ही-8 कुटुंबातील 400 घनइंची इंजिनाबाबत वेगळीच गोष्ट आढळते. त्याच कुटुंबातील 350 घनइंची इंजिनाच्या तुलनेत बोअर 101.6 मिमीवरून 104.8 मिमीपर्यंत वाढवताना शेजारच्या सिलिंडरांच्या भिंती एकमेकींना जोडाव्या लागल्या आणि त्यांच्यामधून पाणी वाहायला जागा उरली नाही. तेथे साचणारी वाफ वर निघून जावी म्हणून ब्लॉकमध्ये बारीक वाफ-छिद्रे ठेवली आहेत. 350 चे हेड या ब्लॉकवर बोल्टसकट नीट बसते, पण त्यात ती छिद्रे नसतात. ती मोजून पाडावी लागतात आणि गॅस्केटही वाफ-छिद्रांचेच घ्यावे लागते. फोर्डच्या विंडसर ब्लॉकवर फोर्डच्याच क्लीव्हलँड इंजिनाच्या पद्धतीचे हेड चढवताना तर पाण्याची वाटच बदलावी लागते. विंडसरमध्ये गरम पाणी हेडमधून इनटेक मॅनिफोल्डमार्गे (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या जोडातून) बाहेर जाते, क्लीव्हलँडमध्ये मॅनिफोल्ड कोरडा असतो. त्यामुळे हेडच्या तळाचे एक तोंड बुजवून मॅनिफोल्डच्या बाजूला नवे पाडतात.

गॅस्केटमधील सिलिंडरच्या छिद्राचा व्यास बोअरपेक्षा किंचित मोठा हवा. तो लहान असेल तर कड ज्वलनकक्षात डोकावते, तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. दाबलेल्या जाडीचा परिणाम थेट कॉम्प्रेशनवर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते या गुणोत्तरावर, होतो. 83 मिमी बोअर आणि 85 मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली फेरीच्या) एमएक्स-5 इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे आकारमान सुमारे 460 घसेंमी असते, गुणोत्तर 9.0 असेल तर वरची मोकळी जागा 57.5 घसेंमी भरते. 84 मिमी व्यासाचे गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने जाड घेतले, तर त्यात सुमारे 2.8 घसेंमीची भर पडून गुणोत्तर 8.6 वर येते. फेस मारून (पृष्ठभाग यंत्रावर तासून) पातळ केलेल्या हेडसाठी जाड गॅस्केट वापरतात ते याच हिशेबाने. पण नॉकिंग टाळायला जाडी वाढवत नेणे फारसे शहाणपणाचे नाही, कारण पिस्टन आणि हेड यांच्यातील अंतर वाढले की मिश्रणाची घुसळण मंदावते.

पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट जास्त दाब सोसते, पण त्याला दोन्ही पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत लागतात. जुन्या हेडवरचे ओरखडे ग्राफाइट-मिश्रणाचे गॅस्केट थोडेफार पोटात घेते.

जोडणीपूर्वी नवे गॅस्केट आधी ब्लॉकवर आणि मग हेडवर ठेवून प्रत्येक छिद्राची कड पेन्सिलने आखून घेतात. बोअर, बोल्ट, ऑइलची वाट आणि पाण्याची तोंडे अशी चारही प्रकारची छिद्रे यात वेगवेगळी तपासावी लागतात. हेडकडे ऑइल नेणारे एक छिद्र झाकले गेले तरी कॅमशाफ्ट कोरडा पडतो. पाण्याचे तोंड गॅस्केटच्या दाबपट्टीच्या बाहेर येत असेल तर ते वेल्डिंगने किंवा आटे पाडून बसवलेल्या बुचाने बंद करतात आणि मगच पृष्ठभागाला फेस मारतात. पुढची बाजू दाखवणारी खूणही पाहावी लागते, कारण काही गॅस्केटे उलटी ठेवली तरी बोल्टांत बसतात आणि पाण्याची सगळी मांडणी मात्र उलटी होते.