टू-स्ट्रोकचा धूर: एका पेटंटपासून चेतकपर्यंत

१९८५ साली भारतात दोन मोटारसायकली आल्या: यामाहा आरएक्स १०० आणि हिरो होंडा सीडी १००. दोन्हींचं तंत्र जपानी, दोन्हींची इंजिनं शंभर सीसीच्या आतली. तरी आरएक्सची ताकद ११ अश्वशक्ती, तर सीडीची आठच्याही आत. कारण आरएक्स टू-स्ट्रोक होती आणि सीडी फोर-स्ट्रोक. पुढच्या वीस वर्षांत बाजार मात्र कमी ताकदीच्या जातीनेच जिंकला. त्याची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत.

टू-स्ट्रोक साधं, म्हणजे तेच आधी आलं असणार, असा समज असतो. झालं ते उलट. जर्मनीत निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये फोर-स्ट्रोक इंजिन यशस्वी केलं आणि पुढच्याच वर्षी पेटंट मिळवलं. इंधन-हवेचं मिश्रण आत घेणं, ते दाबणं, जाळणं आणि जळका वायू बाहेर टाकणं, या चार कामांसाठी पिस्टनच्या चार हालचाली. क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने गोल फिरणाऱ्या दांड्याचे, दोन फेरे झाले की एकदा जोर. पेटंटमुळे इतरांची ही वाट बंद झाली. मग स्कॉटलंडच्या ड्युगल्ड क्लर्कने दोनच हालचालींत सगळं उरकून दर फेऱ्याला जोर देणारं, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिन घडवून १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कार्ल बेन्झही याच अडचणीमुळे काही वर्षं टू-स्ट्रोकमध्ये गुंतला होता. फ्रान्सच्या बो द रोशाने चार हालचालींचं तत्त्व १८६२ मध्येच मांडलेलं असल्यामुळे ओटोचं जर्मन पेटंट १८८६ मध्ये रद्द झालं. बेन्झची तीनचाकी मोटार धावली तीही फोर-स्ट्रोकवरच.

आपल्या स्कूटरींशी थेट नातं आहे ते इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डेचं. क्लर्कच्या इंजिनाला मिश्रण ढकलायला वेगळा पंप लागे. डेने १८९१ च्या सुमारास ते काम पिस्टनखालच्या क्रँककेसकडून, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीकडून, करून घेतलं. त्याच्याकडच्या फ्रेडरिक कॉकने पुढे अशी रचना केली की पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो-झाकतो. व्हॉल्व्ह म्हणजे झडपा नाहीत, त्या उघडणारा कॅम नाही. माझ्या मते छोट्या इंजिनांच्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे.

पण टू-स्ट्रोकचे दोन्ही दोष तिच्यातूनच आले. क्रँककेसमधून पेट्रोल-हवा जाते म्हटल्यावर तिथे ऑइल साठवता येत नाही. ते पेट्रोलसोबतच द्यावं लागतं आणि जळून निळा धूर होतो. शिवाय ताजं मिश्रण आत येताना जळका वायू जाण्याचं भोक उघडंच असतं, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच सायलेन्सरवाटे निघून जातं. ॲव्हरेज कमी पडतो तो इथे.

तरी युद्धानंतरच्या गरीब इटलीला हेच इंजिन परवडलं. कोरादिनो दास्कानिओने आखलेली १९४६ ची व्हेस्पा ९८ सीसी टू-स्ट्रोक होती. तिचाच वारसा परवान्याने पुण्याच्या बजाजकडे आला आणि १९७२ मध्ये चेतक निघाली. त्याच वर्षी कायनेटिकची लुनाही आली. पंपावर टू-टी ऑइल मागणं, गाडी एका अंगावर कलती करून किक मारणं, प्लग काढून काजळी घासणं, हे घराघरांतलं ज्ञान झालं. कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला हे इंजिन खोलता येई, म्हणूनच ते इतकं पसरलं. त्याला नुसतं धुराडं म्हणून निकालात काढणं मला पटत नाही.

कायदा मात्र धूर मोजू लागला. नवीन दुचाकीच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून १९९६ मध्ये किलोमीटरमागे ३.६ ग्रॅमपर्यंत चालत; २००० मध्ये मर्यादा २ वर आली, २००५ मध्ये दीडवर. न जळलेलं पेट्रोल म्हणजेच हायड्रोकार्बन, त्यामुळे हा घाव नेमका टू-स्ट्रोकच्या दुखऱ्या जागी बसला. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. पेट्रोल महागत होतं, आणि २००१ च्या सुमारास पल्सर आणि ॲक्टिव्हा आल्यावर तरुणांना आणि कुटुंबांना दोघांनाही फोर-स्ट्रोकचा पर्याय मिळाला.

दोष दोन हालचालींचा मात्र नव्हता. न्हावा-शेवाला लागणाऱ्या मोठ्या कंटेनर जहाजांची मुख्य इंजिनं सहसा टू-स्ट्रोक डिझेलच असतात. त्यांत सिलिंडर धुऊन काढते ती नुसती हवा. इंधन नंतर फवारलं जातं, म्हणून ते वाया जात नाही. डेच्या रचनेत हवेसोबत पेट्रोलही जात होतं.