एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकताना नागपूरला येऊन परत जाणं: पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

डिसेंबरच्या सुट्टीचं तिकीट लवकर काढलं की स्वस्त पडतं, म्हणून आधी तिकीट आणि कागदपत्रांचं मग बघू, अशी बऱ्याच घरांत रीत असते. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांनी हा क्रम उलटा ठेवावा. नागपूरला यायला तुम्हाला कुणी अडवत नाही. परत जाताना मात्र आधी विमान कंपनीच्या काउंटरवर आणि मग अमेरिकेच्या इमिग्रेशनपाशी प्रत्येक कागद पाहिला जातो. व्हिसा संपलेला असेल तर त्याच्याही आधी वाणिज्य दूतावासाची पायरी चढावी लागते. तिकीट काढायचं की नाही, हे तुमच्या फाइलमधला सगळ्यात कच्चा कागद ठरवतो.

व्हिसा वेगळा, राहण्याची परवानगी वेगळी

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा फक्त अमेरिकेत शिरण्यासाठी लागतो. एकदा आत गेल्यावर तो संपला तरी तिथलं शिक्षण बेकायदा होत नाही. तिथला मुक्काम चालतो तो विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या प्रमाणपत्रावर, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीवर आणि प्रवेशाच्या वेळी तयार होणाऱ्या आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर. म्हणून व्हिसा संपून वर्ष झालेला विद्यार्थी तिथे निर्धास्त शिकत असतो, पण तोच आठवडाभरासाठी बहिणीच्या लग्नाला नागपुरात आला की नवा व्हिसा मिळेपर्यंत परत जाऊ शकत नाही.

भारतीय विद्यार्थ्यांना एफ-१ व्हिसा साधारणपणे ५ वर्षांचा आणि कितीही वेळा प्रवेशाचा मिळतो. हिशेब करून बघा. एमएसची २ वर्षं, ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीचं, १ आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखांना मिळणारी वाढीव २ वर्षं, अशी ५ वर्षं तिथेच संपतात. म्हणजे शिकत असतानाची पहिली दोन वर्षं घरी येण्यासाठी सगळ्यात सोपी. पैसे वाचवायचे म्हणून तेव्हा न येता 'नोकरी लागल्यावर जाऊ' म्हणणारे नेमके अवघड काळात प्रवासाला निघतात. माझं मत विचाराल तर आईवडिलांना भेटायचं असेल तर शिकतानाच येऊन जावं.

व्हिसा शिल्लक असेल तर

मग काम सोपं आहे. परतीच्या तारखेला व्हिसा वैध हवा, पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक हवी आणि आय-२० च्या दुसऱ्या पानावर डीएसओची, म्हणजे विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, प्रवासासाठीची सही हवी. शिकत असताना ही सही १२ महिने चालते, ओपीटीवर ६ महिने. मोजायचं ते परत अमेरिकेत उतरण्याच्या दिवसापर्यंत. निघताना सही ताजी होती, हे कारण चालत नाही.

सही जुनी निघाली तर इमिग्रेशन अधिकारी आय-५१५ए नावाचा फॉर्म हातात देऊन ३० दिवसांसाठी आत सोडू शकतो आणि तेवढ्यात कागद पूर्ण करून पाठवावे लागतात. पण सोडायचं की नाही हे त्याच्या हातात आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नका. अनेक विद्यापीठं सही केलेला आय-२० आता ई-मेलने पाठवतात. तो छापून, त्यावर स्वतःची सही करून जवळ ठेवा.

विद्यापीठ बदललं असेल आणि सेविस क्रमांक तोच असेल, तर व्हिसावर जुन्या विद्यापीठाचं नाव असलं तरी हरकत नाही. आय-२० मात्र नव्या विद्यापीठाचाच हवा. पासपोर्ट नवा झाला असेल आणि व्हिसा जुन्यात असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. जुन्यातलं व्हिसाचं पान फाडू नका, व्हिसा सोलून नव्यात चिकटवू तर मुळीच नका. पासपोर्टचीच मुदत संपत आली असेल, तर त्याचं नूतनीकरण तीन आठवड्यांच्या सुट्टीत नागपुरात करत बसण्यापेक्षा अमेरिकेत असतानाच भारतीय दूतावासामार्फत करून घ्या. इथे पोलीस पडताळणी कधी येईल, यावर तुमचं परतीचं विमान अवलंबून राहायला नको.

व्हिसा संपला असेल तर

इथेच खरी मेहनत आहे. पूर्वी नूतनीकरणाला बहुतेक विद्यार्थ्यांना मुलाखत लागत नसे, ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाकला की काम होई. २ सप्टेंबर २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी ही सोय बंद झाली आणि प्रत्यक्ष मुलाखत आली. त्याच महिन्यात अमेरिकी परराष्ट्र खात्याने असंही सांगितलं, की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा. त्यामुळे येताना वाटेत तिसऱ्याच देशात स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, उरकून घेण्याची जुनी युक्तीही आता धरून चालता येत नाही.

क्रम असा. ऑनलाइन डीएस-१६० फॉर्म भरायचा. १८५ डॉलर अर्ज शुल्क भरायचं. हा आकडा सध्याचा आहे. जुलै २०२५ च्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरच्या वेगळ्या शुल्काची तरतूद झालेली आहे, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशी अधिकृत पानावरची रक्कम पाहूनच भरा. मग बोटांचे ठसे व फोटोसाठी एक आणि मुलाखतीसाठी दुसरी, अशा दोन अपॉइंटमेंट घ्यायच्या. अपॉइंटमेंट घेताना दिलेला डीएस-१६० चा क्रमांक आणि मुलाखतीला नेलेल्या फॉर्मचा क्रमांक एकच हवा. फॉर्ममध्ये चूक सापडून नवा भरला, तर अपॉइंटमेंटवरचा क्रमांकही बदलून घ्या. सेविस क्रमांक तोच असेल तर ३५० डॉलरचं सेविस शुल्क पुन्हा लागत नाही. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. मुलाखतीच्या आदल्या रात्री खाती डिलीट करणारे स्वतःवर उगाच संशय ओढवून घेतात.

नागपुरात अमेरिकेचा वाणिज्य दूतावास नाही. महाराष्ट्र मुंबईच्या कार्यक्षेत्रात येतो म्हणून लोक डोळे झाकून वांद्रे-कुर्ला संकुलच निवडतात. पण दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. आपल्याला हैदराबाद जवळचं आहे: रस्त्याने ५०० किलोमीटरच्या आसपास, शिवाय २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारतही आहे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात असतं, तेव्हा मुंबईच्या विमानांचे दर काय होतात हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. दोन्ही ठिकाणचे स्लॉट बघा आणि जिथे लवकर मिळेल तिथे जा. ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणून एका रात्रीचा मुक्काम धरूनच निघा. अपॉइंटमेंट विनाशुल्क एकदाच बदलता येते, नंतर पुन्हा शुल्क भरावं लागतं.

मुलाखतीला न्यायची फाइल: डीएस-१६० ची पावती, अपॉइंटमेंटचं पत्र, नवा-जुना पासपोर्ट, आतापर्यंतचे सगळे आय-२०, सेविस शुल्काची पावती, फोटो, विद्यापीठाची गुणपत्रकं, 'हा विद्यार्थी सध्या शिकतो आहे' असं पत्र, आणि पैशाचे पुरावे, म्हणजे शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र, वडिलांचं-आईचं बँक खातं, शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप असेल तर तिचं पत्र. यातला एकही कागद अधिकारी मागणार नाही, असं पुष्कळदा होतं. तो विचारतो ते साधं: काय शिकता, गुण कसे आहेत, खर्च कोण करतं. ज्याला आपल्याच अभ्यासक्रमाबद्दल दोन वाक्यं नीट सांगता येत नाहीत, त्याला जाडजूड फाइलचा काही उपयोग होत नाही.

मुलाखत चांगली होऊनही कलम २२१(जी) ची चिठ्ठी मिळू शकते. तो अंतिम नकार समजू नये. जादा तपासणी किंवा राहिलेला एखादा कागद, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. पण त्याला काही दिवस लागतील की काही आठवडे, हे कोणी सांगत नाही. संवेदनशील तंत्रज्ञानावर संशोधन करणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. म्हणून व्हिसा संपलेला असेल तर तीन-चार आठवड्यांच्या हिवाळी सुट्टीत येऊ नये. नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्यांत आधीच कामाचे दिवस कमी उरतात आणि सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं. सेमिस्टर संपल्यावर मे महिन्यात या. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन सोसावं लागेल, पण हातात पुढचे दोन-अडीच महिने असतात.

व्हिसा संपलेला असताना कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येता येतं, ही सवलत खरी आहे. मात्र ती भारतवारीला लागू नाही, आणि त्या प्रवासात तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर तीही हातची जाते.

ओपीटीवर असाल तर

वैध व्हिसा, पासपोर्ट आणि ६ महिन्यांच्या आतली सही यांशिवाय ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचं कार्ड, आणि कंपनीचं नोकरीचं पत्र लागतं. ओपीटी मंजूर झालं पण नोकरी नाही, अशा अवस्थेत भारतात येणं मी तरी धोक्याचं समजेन. परत जाताना 'कशासाठी चाललात?' याला तुमच्याकडे कागदी उत्तर नसतं. ओपीटीत नोकरीशिवाय राहायला मुभा असलेले ९० दिवस (स्टेम वाढीत एकूण १५०) नागपुरात असतानाही मोजले जातात.

पदवी पूर्ण झाल्यावर मिळणारे ६० दिवस आवरून निघण्यासाठी असतात. ओपीटीचा अर्ज न करता त्या काळात देश सोडला, तर त्याच एफ-१ वर परत शिरता येत नाही.

मध्येच शिक्षण थांबवून यावं लागलं तर

घरात आजारपण आलं, कोणी गेलं, तर माणूस मिळेल त्या विमानाने निघतो. तरीही विमानतळावरून का होईना, डीएसओला ई-मेल करा आणि परवानगीने सुट्टी घेत असल्याची नोंद करून घ्या. न सांगता वर्ग सोडले तर सेविसची नोंद रद्द होते, आणि ती निस्तरणं व्हिसा काढण्यापेक्षा कठीण जातं. ५ महिन्यांच्या आत परतलात तर बहुधा जुनीच नोंद पुन्हा चालू करता येते. ५ महिन्यांहून जास्त काळ अभ्यासक्रमाबाहेर राहिलात तर नवा आय-२०, पुन्हा ३५० डॉलर आणि बहुतेक वेळा नवा व्हिसाही काढावा लागतो. शिवाय ओपीटीसाठी लागणारं एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं.

दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांनी तर डीएसओशी आणि गरज पडल्यास इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय अमेरिका सोडू नये. एक, एच-४ वरून, म्हणजे तिथे काम करणाऱ्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावरून, तिथल्या तिथे एफ-१ झालेले. त्यांच्या पासपोर्टवर एफ-१ व्हिसा नसतोच, आणि बदलाचा अर्ज अजून प्रलंबित असेल तर बाहेर पडताच तो सोडून दिला असं धरतात. दुसरे, दारू पिऊन गाडी चालवण्यासारख्या प्रकरणात पोलिसांनी पकडलेले. खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द झाल्याचं पत्र येऊ शकतं. तिथे राहून शिकता येतं, परतीचा रस्ता मात्र बंद झालेला असतो.

परतीच्या दिवशी

नागपूरहून दोहामार्गे गेलात तर सोनेगावच्या विमानतळावरच कागद पाहिले जातात. अबुधाबीमार्गे थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची अमेरिकी इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच होते, म्हणून तिथे दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. आय-२०, ईएडी, नोकरीचं पत्र हे सगळं हातातल्या पिशवीत हवं. चेक-इन केलेल्या बॅगेतला आय-२० अधिकाऱ्यासमोर नसल्यातच जमा. आणि आजीने प्रेमाने दिली तरी ताजी संत्री नेऊ नका. फळं आणायला तिथे बंदी आहे, आणि सांगितली नाहीत तर दंड होतो.

उतरल्यावर एक-दोन दिवसांत आय-९४ ऑनलाइन उघडून नाव, जन्मतारीख, 'एफ-१' आणि मुक्कामाची मुदत तपासा. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर तारखेऐवजी 'डी/एस', म्हणजे शिक्षण चालू असेपर्यंत, असं लिहिण्याची पद्धत आहे. ती बंद करून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला गेला, त्यामुळे गेल्या वेळी होतं तेच असेल असं गृहीत धरू नका. चूक दिसली तर त्याच आठवड्यात डीएसओला कळवा. दुरुस्ती विमानतळाजवळच्या सीमाशुल्क व सीमासंरक्षण कार्यालयातून होते.