जंगल वर चढता चढता मध्येच का थांबतं?

डोंगरातल्या जंगलाची वाट चढताना आपलं निम्मं लक्ष स्वतःच्या धापेकडे असतं, त्यामुळे आजूबाजूची झाडं बुटकी होत चाललीयत हे लक्षातच येत नाही आणि मग एका वळणानंतर जंगल संपूनच जातं, पुढे नुसतं गवत, खडक नि वारा. या हद्दीला वृक्षरेषा म्हणतात. लोक फोटो शिखराचे काढतात, पण मला विचाराल तर ट्रेकमधली सगळ्यात इंटरेस्टिंग जागा हीच.

झाडं इथेच का थांबली असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, हवा विरळ ना! आता आपल्यापुरतं ते खरंय. 3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच उरतो, हवेत ऑक्सिजनचा वाटा तोच 21 टक्के असला तरी दर श्वासाला तो कमी मिळतो. मग शरीर भराभर श्वास घेतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त जरा अल्कधर्मी होतं आणि ते ताळ्यावर आणायला किडनी बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी घटक लघवीतून बाहेर टाकते. उंचावर गेल्यावर सारखं लघवीला लागतं त्याचं हे एक कारण, नेहमी थंडीलाच दोष द्यायला नको.

पण झाडांचं दुखणं वेगळं आहे. बोलिव्हियात सहामा पर्वतावर पॉलिलेपिस नावाची झाडं 5,000 मीटरच्याही वर वाढतात, आणि आल्प्समध्ये मात्र जंगल बऱ्याच ठिकाणी 2,000 ते 2,400 मीटरच्या आसपासच हात टेकतं. हवा विरळ असणं हेच कारण असतं तर एवढा फरक पडलाच नसता.

मग हिवाळा? तोही नाही. सूचिपर्णी झाडं शरद ऋतूत हळूहळू थंडीला तयार होतात आणि मग उणे 40 अंशसुद्धा सोसतात. खरी अडचण उन्हाळ्यात आहे, हे जरा उलटं वाटतं पण तसंच आहे. क्रिश्चन कोर्नर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने जगभरातल्या वृक्षरेषांवर मुळांजवळच्या मातीचं तापमान मोजलं, 2004 साली ते प्रसिद्ध झालं, आणि विषुववृत्तापासून पार उत्तरेपर्यंत वाढीच्या हंगामातली सरासरी साधारण 6 ते 7 अंशांच्याच आसपास निघाली. डोंगर वेगळे, झाडांच्या जाती वेगळ्या, आकडा जवळपास एकच!

यातली खरी गंमत पुढे आहे. एवढ्या थंडीतही पानं प्रकाशसंश्लेषण करतच असतात, साखर तयार होतच असते, म्हणजे झाड उपाशी नसतं. पण 5 अंशांच्या खाली गेलं की नव्या पेशी बनवण्याचं, लाकूड तयार करण्याचं काम जवळजवळ ठप्प होतं. विटा-सिमेंट साइटवर येऊन पडलंय आणि गवंडीच कामावर नाही, असा प्रकार.

आणि मग त्याच जागी चिमुकली फुलझाडं कशी काय मजेत असतात? कारण ती जमिनीला चिकटून असतात. उन्हात जमिनीलगतची हवा तापते, वारा तिथे कमी पोचतो, त्यामुळे त्यांची पानं आजूबाजूच्या हवेपेक्षा 10 अंशांनीसुद्धा गरम होऊ शकतात. उंच झाड मात्र वाऱ्यात उभं, त्याचं तापमान हवेइतकंच, वर स्वतःच्याच सावलीने मुळांजवळची माती थंड ठेवतं. थोडक्यात उंच असणं हेच तिथे महागात पडतं, म्हणून हद्दीजवळची झाडं झुडपासारखी आडवी पसरलेली दिसतात. काहींना तर एकाच बाजूला फांद्या असतात, वाऱ्याच्या बाजूचे कोंब उडत्या बर्फकणांनी घासून आणि सुकून मरतात. धुक्यात ढोबळ दिशा कळायलाही त्यांचा उपयोग होतो, फक्त त्या भागात वारा बहुतेक कुठून येतो ते माहीत पाहिजे.

साहजिक पुढचा प्रश्न, पृथ्वी तापतेय तर जंगल वर सरकतंय का? 2009 मध्ये जगभरातल्या 166 ठिकाणच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा 52 टक्के ठिकाणी वृक्षरेषा पुढे सरकलेली दिसली आणि मागे हटलेली फक्त 1 टक्का. उरलेल्या ठिकाणी काहीच हललं नव्हतं, कारण तापमान वाढलं म्हणून झाड लगेच उगवत नाही, आधी बी तिथवर पोचायला हवं, रुजायला माती हवी, आणि कोवळं रोप चरणाऱ्या जनावरांच्या तोंडातून आणि वाऱ्यातून वाचायला हवं.