पार्श्वभूमी: पीएचपीतला 'इजसेट' आणि नलचा जुना घोळ

पीएचपी या वेबसाइटींसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत नसलेले व्हेरिएबल वाचले तर नल, म्हणजे 'काहीच नाही' ही किंमत, हाती येतो आणि स्क्रिप्ट पुढे चालत राहते. सुरुवातीला ही सोयच वाटे. मात्र रजिस्टर ग्लोबल्स ही सेटिंग चालू असली की यूआरएलमधली कोणतीही किंमत थेट ग्लोबल व्हेरिएबल होऊन बसायची. लॉगिन जमले तर 'ऑथराइज्ड' ट्रू करायचे, पण आधी ते फॉल्स करायचे नाही, अशा स्क्रिप्टला यूआरएलपुढे ऑथराइज्ड=1 जोडून चकवता येई. 2002 मध्ये 4.2.0 आवृत्तीत हे डीफॉल्टने बंद झाले, 2012 मध्ये 5.4 मधून कायमचे गेले. फॉर्मचा डेटा गेट-पोस्टच्या अ‍ॅरेतून वाचताना इजसेट, म्हणजे 'हे व्हेरिएबल आहे का' ही तपासणी, लावायची सवय मग अंगवळणी पडली. टिक न केलेला चेकबॉक्स तर ब्राउझर पाठवतच नाही.

खरा वाद वेगळाच आहे. व्हेरिएबल आहे, पण त्यात नल आहे, तरी इजसेट 'नाही' म्हणतो. समर्थक म्हणतात, नसलेले वाचले तरी नलच मिळतो, मग फरक कशाला? फॉर्म वाचण्यापुरते हे ठीक. पण एपीआयकडून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून, अर्धवट अपडेट आले की घोटाळा होतो. 'फोन' ही की (नोंदीचे नाव) आलीच नाही, तर जुना नंबर ठेवायचा; नल आली, तर पुसायचा. इजसेटवर विसंबलेला कोड दोन्ही वेळा जुनाच नंबर ठेवतो, आणि कुठे एरर दिसत नाही. अ‍ॅरेसाठी, की आहे का एवढेच पाहणारे अ‍ॅरे-की-एक्झिस्ट्स आहे. साध्या व्हेरिएबलसाठी मात्र सगळ्या व्हेरिएबलांची अ‍ॅरे मागवून तिच्यात नाव शोधावे लागते, हे जरा अतीच. ('रिकामे आहे का' पाहणारा एम्प्टी त्याहून बेभरवशाचा: '0' ही स्ट्रिंगही त्याला रिकामी वाटते.)

हा घोळ निस्तरायची संधी 2015 मध्ये 7.0 आवृत्तीत होती. तेव्हा आलेल्या दुहेरी प्रश्नचिन्हाच्या (??) ऑपरेटरने, म्हणजे डावीकडे किंमत नसेल तर उजवीकडची देणाऱ्या चिन्हाने, इजसेटचाच नियम उचलला. कोड सुटसुटीत झाला, नलचा प्रश्न आणखी खोल रुजला. 2019 मध्ये 7.4 ने त्याच ऑपरेटरला असाइनमेंटची जोड दिली.

2020 च्या 8.0 मध्ये नसलेले व्हेरिएबल वाचल्यावर दिसणारी साधी नोटीस अधिक गंभीर वॉर्निंग झाली. थेट एरर टाकावा असाही आग्रह होता, पण तेव्हा तो टिकला नाही, पुढे 9.0 साठी तो मंजूर झाला. इजसेट आणि दुहेरी प्रश्नचिन्ह यांना त्यातूनही सूट आहे.