फटी बुजल्या, मग हवेचे काय? हीट रिकव्हरी व्हेंटिलेशनची पार्श्वभूमी

घरातून बाहेर टाकायच्या उबदार, कोंदट हवेतली उष्णता काढून ती आत येणाऱ्या थंड, ताज्या हवेला द्यायची, पण दोन्ही हवा एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. हीट रिकव्हरी व्हेंटिलेशनचे, म्हणजे एचआरव्हीचे, तत्त्व एवढेच आहे आणि ते नवे नाही. स्वीडनच्या फ्रेड्रिक युंगस्ट्रॉम यांनी 1920 च्या सुमारास बॉयलरसाठी एक फिरते चाक बनवले. धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूंतली उष्णता ते शोषून घेई आणि फिरत पलीकडे गेले की भट्टीत जाणाऱ्या हवेला देई. कारखान्यांत हे तंत्र लवकर रुळले. घरात यायला मात्र त्याला अर्धशतक लागले, कारण घरांना त्याची गरजच नव्हती. खिडक्यांच्या चौकटी, दारांखालच्या फटी, शेकोटीचे धुराडे यांतून हवा आपोआप खेळत होती. थंडी वाजली की कोळसा किंवा तेल जास्त जाळायचे, एवढाच हिशेब होता.

बंद खोलीतल्या हवेचा शास्त्रीय विचार त्याही आधी सुरू झाला होता. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्ये कार्बन डायऑक्साइड हे हवा शिळी झाल्याचे माप मानले आणि त्याची मर्यादा 0.1 टक्का, म्हणजे दहा लाख भागांत 1000 भाग, अशी सुचवली. हा आकडा आजही वापरात आहे. त्यांचा दुसरा निष्कर्ष मात्र चुकला. विटांच्या भिंतीतूनच पुरेशी हवा आरपार जाते, असे त्यांना वाटले होते. गिलावा केलेल्या भिंतीतून हवा अशी जात नाही. तरीही ‘भिंती श्वास घेतात’ ही समजूत इतकी चिवट निघाली की हवाबंद घराला विरोध करणारे आजही तीच पुढे करतात.

1973 च्या तेलसंकटाने हिशेब बदलला. थंड देशांत फटी बुजवणे, भिंती जाड करणे, इन्सुलेशन वाढवणे यांची घाई उडाली. अमेरिकेत तर इमारतींत माणशी किती बाहेरची हवा घ्यावी याचे किमान प्रमाणच 1981 मध्ये सेकंदाला सुमारे 2.5 लिटरपर्यंत खाली आणले गेले. परिणामी ओल, बुरशी, फर्निचरच्या बोर्डांतून सुटणारा फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू आणि कर्मचाऱ्यांची डोकेदुखी हे त्या दशकाचे परिचित विषय झाले. 1989 मध्ये ते किमान प्रमाण तिप्पट करावे लागले.

एचआरव्हीची घरगुती कहाणी खऱ्या अर्थाने सुरू होते ती कॅनडात. रेजायना शहरात 1977 मध्ये सस्कॅचवान कन्झर्वेशन हाउस हे ऊर्जा वाचवणारे प्रायोगिक घर उभे राहिले. तिथे हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांच्याही खाली जातो. हॅरॉल्ड ऑर, रॉबर्ट बेझंट, रॉब ड्यूमाँट आदींनी हे घर इतके हवाबंद केले की यंत्राने हवा खेळवण्याला पर्याय उरला नाही. म्हणून त्यांनी हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका हवेची उष्णता दुसरीला देणारा भाग, स्वतःच तयार केला, प्लायवूडच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांचे थर लावून. या घराच्या छतावरची सौर यंत्रणा महागडी आणि कटकटीची ठरली व पुढे काढून टाकली गेली. टिकली ती जाड भिंत, हवाबंदपणा आणि ही पेटी. माझ्या मते हा प्रयोग यशस्वी झाला तो इथेच.

पेटीचीही एक डोकेदुखी होतीच. घरातली हवा दमट असते. ती गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि कडाक्याच्या थंडीत ते एक्स्चेंजरमध्येच गोठून वाट बंद करते. त्यामुळे बर्फ वितळवण्याची सोय आणि पाणी वाहून नेणारी नळी हे यंत्राचे भाग बनले. 1980 च्या दशकात कॅनडाच्या आर-2000 या कमी ऊर्जेच्या घरांसाठीच्या कार्यक्रमाने हवाबंद घरांसोबत यांत्रिक वायुवीजन सक्तीचे केले, आणि प्रयोगातली वस्तू बाजारात आली. जपानमध्ये तर 1970 पासूनच मित्सुबिशी इलेक्ट्रिकचे ‘लॉसने’ मिळत होते. त्यातल्या खास कागदातून उष्णतेबरोबर बाष्पही पलीकडे जाते; आज ज्याला ईआरव्ही म्हणतात, तो हाच प्रकार.

त्यानंतरचे मोठे वळण जर्मनीतले. वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बो अ‍ॅडमसन यांच्या चर्चेतून पॅसिव्ह हाउसची, म्हणजे अगदी थोड्या उष्णतेवर उबदार राहणाऱ्या घराची, कल्पना आकाराला आली आणि डार्मश्टाटमधल्या क्रानिशश्टाइन भागातल्या पहिल्या घरांत 1991 मध्ये लोक राहायला आले. इथे एचआरव्ही हा जोडीला घेतलेला भाग राहिला नाही, सगळे गणितच त्यावर उभे होते. तासाला 150 घनमीटर हवा बदलायची आणि आत-बाहेरच्या तापमानात 20 अंशांचा फरक असेल, तर साधारण 1 किलोवॅट उष्णता बाहेर जाते. त्यातली 80 टक्के परत मिळाली, तर उरतात 200 वॅट. मग मोठ्या हीटिंग यंत्रणेची गरजच राहत नाही. पॅसिव्ह हाउसच्या निकषांत किमान 75 टक्के उष्णता परत मिळण्याबरोबरच पंख्यांनी किती वीज खावी, यावरही घनमीटरमागे 0.45 वॅट-तासांची मर्यादा आहे. हा निकष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचवलेली उष्णता पंख्यांच्या विजेतच गेली, तर उपयोग काय?

यंत्र सुधारले, बसवणारे हात मात्र सगळीकडे तयार नव्हते. नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टच्या वाटहोर्स्ट वसाहतीत 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात रहिवाशांनी तब्येतीच्या तक्रारी केल्या, तेव्हा बोट तिथल्या घरांतल्या एचआरव्ही यंत्रणांच्या सदोष मांडणीकडे गेले. यंत्र कर्कश वाजले की लोक ते सर्वांत हळू गतीवर ठेवतात, आणि मग हवाबंद घरात हवा पुन्हा कोंदटते.

युरोपीय महासंघाच्या 2014 च्या इकोडिझाइन, म्हणजे ऊर्जा वाचवणाऱ्या रचनेच्या, नियमांत या अनुभवाची छाया दिसते. वायुवीजन यंत्राला एकाहून अधिक वेग हवेत. दोन्ही दिशांनी हवा खेळवणाऱ्या यंत्रात, उन्हाळ्यात उष्णता परत घ्यायची नसेल तेव्हा एक्स्चेंजरला वळसा घालणारा बायपास हवा. आणि 2018 पासून घरगुती यंत्राला फिल्टर असेल, तर तो बदलायची वेळ झाल्याचे डोळ्यांना दिसेल अशी खूणही त्यावर असावीच लागते.