कल्याणची आरमारी गोदी आणि तिचं पुनरुज्जीवन

कल्याणची आरमारी गोदी म्हणजे उल्हास नदीच्या खाडीकाठी, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी लढाऊ जहाजं बांधायला घेतली ती जागा. मराठा आरमाराची सुरुवात बहुतेकजण इथूनच धरतात.

नक्की कधी, यावर वाद आहे. कल्याण-भिवंडी १६५७ च्या ऑक्टोबरात ताब्यात आली म्हणून आरमाराचा जन्मही त्याच वसुबारसेला धरायची पद्धत पडलीय, पण गाव हाती येणं वेगळं आणि जहाज उभं राहणं वेगळं, मध्ये सागवान तोडायचं, वाळवायचं, फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, यात महिने जातात. पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी नि पनवेलला जहाजं बांधली जाताहेत ही काळजी १६५९ मध्ये दिसते, त्यामुळे १६५८-५९ जास्त पटतं.

दुसरा प्रश्न कारागिरांचा. रुय लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज जाणकाराच्या हाताखाली तीन-चारशे माणसं होती असं सांगतात, काही अभ्यासक त्यात बायकापोरंही धरतात आणि तेच बरोबर वाटतं. वसईच्या कॅप्टनने फितवल्यावर ही मंडळी काम टाकून निघून गेली. शिवाय ठाणे, वसई दोन्ही तेव्हा पोर्तुगीजांकडे, म्हणजे खाडीतून समुद्रात जायच्या दोन्ही वाटा त्यांच्या नजरेखालच्या. पुढे आरमाराचा भर सिंधुदुर्ग, विजयदुर्गाकडे गेला तो उगाच नाही.

आता ही गोदी पुन्हा चालू होईल का? युद्धकाळातली गोदी पुन्हा चालू करायची तर खोल पाणी लागतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नेव्ही यार्डात, म्हणजे नौदलाच्या गोदीत, दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४०,००० कामगार होते, १९९६ ला ते बंद झालं, तरी डेलावेअर नदीची खोली आणि मोठ्या सुक्या गोद्या (पाणी काढून टाकून जहाज बांधायचे हौद) शाबूत होत्या, म्हणून तिथे परत जहाजं बांधली जाऊ लागली आणि २०२४ च्या डिसेंबरात कोरियाच्या हानव्हा ग्रुपने तो यार्ड विकत घेतला. कल्याणला ओहोटीत नुसता चिखल दिसतो, खाली ठाण्याकडे कशेळीपासून पुलांची रांग. मोठं जहाज इथून निघणार नाही. राज्याचं २०२५ चं जहाजबांधणी धोरणही किनाऱ्यावरच्या गोद्यांसाठीच जास्त उपयोगी दिसतं. इथे जमेल ते लाकडी होड्या, खाडीतल्या छोट्या फेरीबोटी यांची बांधणी-दुरुस्ती, आणि ती खरंच व्हायला हवी, कारण ते काम येणारे हात कमी होत चाललेत.

सध्या दुर्गाडीजवळ नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही छोटी युद्धनौका आणून ठेवलीय.